शेतातील मरण 'अकस्मात' असते काय?

सर्पदंशाने, विजेच्या धक्क्याने, मळणी यंत्रात सापडून किंवा फवारणीचे विष अंगात भिनून एखादा माणूस शेतात दगावला, की पोलीस ठाण्याच्या दप्तरी त्याची नोंद 'अकस्मात मृत्यू' या सदराखाली होते. कायद्याच्या दृष्टीने हा शब्द चुकीचा नाही. घातपाताचा संशय नाही, कोणाविरुद्ध तक्रार नाही, तेव्हा मृत्यू अकस्मात. पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, प्रेत नातेवाइकांच्या ताब्यात दिले जाते आणि कागद मिटतो. गावही आपल्या भाषेत हाच निवाडा देते. 'त्याची वेळ भरली होती', 'काळ आला होता', 'तिच्या नशिबातच तेवढे होते', असे म्हणत माणसे स्मशानातून परततात आणि दुसऱ्या दिवशी त्याच शेतात, त्याच यंत्रापाशी कामाला उभी राहतात.

प्रस्तुत लेखात मला या शब्दाचाच विचार करावयाचा आहे. जे कोणालाही आधी सांगता येत नाही, ते अकस्मात. परंतु जे मरण दरवर्षी ठराविक महिन्यात, ठराविक कामाच्या वेळी, ठराविक थरातील माणसांना गाठते, त्याला अकस्मात म्हणणे सत्याला धरून आहे काय? आणि ते तसे नसेल, तर त्याचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते?

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. सोयाबीन, तूर, कपाशी आणि रब्बीत हरभरा ही येथील मुख्य पिके. शेती बहुतांशी पावसावर अवलंबून. या जिल्ह्यात राहणाऱ्या कोणालाही शेतातील मरणाचे पंचांग तोंडपाठ सांगता येईल. मृगाच्या सरींबरोबर विजा कोसळतात, आणि पेरणीच्या घाईत असलेली माणसे उघड्या रानात किंवा एकाकी झाडाखाली सापडतात. श्रावण-भाद्रपदात पीक कमरेएवढे होते, गवत माजते, साप बिळाबाहेर असतात आणि निंदणाऱ्या बाईचा हात नेमका त्यांच्यावर पडतो. याच दिवसांत फवारणीला ऊत येतो. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी होते, सुडी रचली जाते आणि मळणी यंत्र गावोगाव फिरू लागते. तेव्हा पदर, ओढणी, वेणी किंवा हात यंत्रात ओढला गेल्याची बातमी कोठून ना कोठून येतेच. पुढे हरभऱ्याला पाणी देण्याचे दिवस येतात. कृषिपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली, की शेतकरी बॅटरी हातात घेऊन, ओल्या पायांनी, अंधारात पेटीपाशी जातो. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी कोणी धुऱ्यावरच्या तारेत चोरून वीज सोडलेली असते. ती तार डुक्कर आणि माणूस यांत भेद करीत नाही.

ज्याचे पंचांग लिहिता येते, ते अकस्मात नव्हे. आज कोण मरेल हे सांगता येणार नाही. पण ऑक्टोबरात मळणी यंत्रापाशी कोणीतरी मरणार, हे सांगता येते. नैतिक जबाबदारीला एवढे ज्ञान पुरेसे आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी निष्काळजीपणाचा विचार विवेक या सद्गुणाच्या विरुद्ध असलेला दोष म्हणून केला आहे. ज्याला पुढचे दिसू शकते आणि तरीही जो पाहत नाही, त्याच्याकडून घडणारा हा दोष. मनुष्याला केवळ त्याने केलेल्या कृत्याचाच जाब द्यावा लागतो असे नाही. करावयास हवे होते आणि केले नाही, त्याचाही द्यावा लागतो.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९५८ साली केरळात जहाजावर कीटकनाशकाच्या संपर्कात आलेले धान्यपदार्थ खाण्यात येऊन शंभरावर माणसे मृत्युमुखी पडली. त्याच्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम आले. हे नियम आजही वाचण्याजोगे आहेत. डब्यावर विषारीपणाची पातळी दाखविणारा रंगीत त्रिकोण हवा : लाल अतितीव्र विषासाठी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. विष हाताळणाऱ्यांची कामावर घेण्यापूर्वी आणि नंतरही ठराविक मुदतीने वैद्यकीय तपासणी व्हावी. त्यांना संरक्षक कपडे, नाका-तोंडावर आवरण, प्रथमोपचाराचे साहित्य आणि उतारा मिळावा. कामाचे शिक्षण द्यावे. असे हे सारे अर्ध्या शतकापूर्वी लिहून ठेवले आहे. उणीव राहिली ती लिहिलेले धुऱ्यापर्यंत पोचविण्याची.

ती उणीव २०१७ च्या खरिपात उघडी पडली. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी व मजूर विषबाधेने दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या उंचीला गेली होती. बोंडअळीला आवरण्यासाठी दोन-तीन औषधे एकत्र कालविली जात होती. बॅटरीवर किंवा इंजिनावर चालणारे नवे पंप अतिसूक्ष्म तुषार उडवीत होते, आणि उंच झाडांच्या दाटीत, दमट उकाड्यात, उघड्या अंगाचा मजूर त्याच तुषारातून चालत होता. राज्य शासनाने अमरावती विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले. पाच कीटकनाशकांवर साठ दिवसांची बंदी आली; तिच्यात यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा यांच्याबरोबर आपला वाशीम जिल्हाही होता. त्या पाचांत मोनोक्रोटोफॉसही होते. भाजीपाल्यावर ते वापरण्यास २००५ पासूनच मनाई होती. बिहारमधील शाळेत २०१३ साली दुपारच्या भोजनातून विषबाधा होऊन तेवीस मुले दगावली, तेव्हाही याच विषाचे नाव पुढे आले होते. त्याच्या ३६ टक्के द्रावणावर देशपातळीवर बंदीचे पाऊल पडावयास २०२३ साल उजाडले.

येथे आपल्या भाषेतील एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. आपण फवारणीच्या विषाला 'औषध' म्हणतो. दुकानदार औषध देतो, मजूर औषध मारतो, पिकाला औषध लागते. जे रोग बरा करते ते औषध, ही आपली धारणा. म्हणून औषधाचा डबा स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवताना हात अडखळत नाही आणि रिकामा डबा धुऊन पाणी पिण्यासाठी वापरताना मनात शंका येत नाही. हाच शब्द दुसऱ्या एका वाक्यातही येतो. 'त्याने औषध घेतले' असे वऱ्हाडात दबक्या आवाजात कोणी सांगितले, तर ऐकणाऱ्याला पुढचे काही विचारावे लागत नाही. एकाच शब्दाने आपण पिकाचे रक्षण, मजुराची विषबाधा आणि कर्जबाजारी माणसाचा शेवट ही तिन्ही झाकून टाकली आहेत. वस्तूला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणे हे सुरक्षिततेचे पहिले पाऊल होय. डब्यावरील लाल त्रिकोण तेच करू पाहतो; पण तो कोणी समजावून सांगितल्याखेरीज बोलत नाही.

यवतमाळच्या घटनेनंतर जो प्रश्न विचारला गेला, तो प्रत्येक अपघातानंतर विचारला जातो : 'शेतकऱ्याने काळजी का घेतली नाही? हातमोजे का घातले नाहीत? वाऱ्याच्या उलट दिशेने का फवारले?' प्रश्न अगदीच निरर्थक नाही. मनुष्य स्वतंत्र आहे आणि स्वतःच्या जिवाची काळजी घेणे हे त्याचे कर्तव्यच आहे. परंतु एखाद्या कृत्याचा दोष कोणावर ठेवताना नीतिशास्त्र तीन गोष्टी तपासते : त्याला ज्ञान होते काय, त्याची इच्छा मोकळी होती काय, आणि निराळे वागणे त्याला शक्य होते काय? या तीन कसोट्या फवारणीच्या मजुराला लावून पाहाव्यात.

ज्ञानाविषयी म्हणाल, तर औषधाचा डबा मालकाने आणलेला असतो. मजुराच्या हाती पंप येतो तेव्हा पाण्यात काय काय कालविले आहे हे त्याला ठाऊक नसते. ठाऊक असले, तरी माहितीपत्रकाची अक्षरे वाचण्यास धडधाकट डोळेही अपुरे पडतात. नीतिशास्त्र ज्याला 'टाळता न येणारे अज्ञान' म्हणते, ते याहून निराळे नाही. इच्छेविषयी म्हणाल, तर फवारणीची मजुरी अनेक ठिकाणी पंपाच्या हिशेबाने ठरते. जितके पंप रिकामे होतील तितके पैसे. जो थांबेल, वारा पडण्याची वाट पाहील, हात धुऊन मग भाकरी खाईल, त्याच्या घरी त्या दिवशी कमी पैसे जातील. आणि शक्यतेविषयी म्हणाल, तर भाद्रपदातील उन्हात, चिखलातून, पाठीवर भरलेला पंप घेऊन चालणाऱ्या माणसाला रबरी मोजे, जाड अंगरखा आणि मुखवटा घालून तासभर काम करावयास सांगावे आणि मग निर्णय द्यावा. थंड देशांत आखलेले कपडे आपल्या हवामानात अंगावर टिकत नाहीत. ते टिकतील असे करणे हे संशोधकाचे व उत्पादकाचे काम आहे, मजुराचे नव्हे.

म्हणून दोष द्यावयाचाच, तर ज्ञान, मोकळीक आणि सामर्थ्य ज्यांच्याकडे अधिक होते, त्यांच्याकडून आरंभ केला पाहिजे. विष बनविणाऱ्याला त्याचा गुण ठाऊक असतो. दुकानदार शेतकऱ्याचा खरा सल्लागार बनून बसलेला असतो. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला नियम पाठ असतात. मालकाला निदान डब्यावरील रंग दिसतो. येथे मालकाचीही बाजू ऐकली पाहिजे. वाशीम जिल्ह्यातील मालक म्हणजे बहुधा चार-पाच एकरांचा धनी. पीक गेले तर त्याचे घरही जाते, आणि पुष्कळदा पंप त्याच्याच पाठीवर असतो. त्याला जुलमी ठरवून आपली सुटका होणार नाही. उत्तरदायित्व वाटून घ्यावयाचे असते; फक्त ते वाटताना सर्वांत जड वाटा सर्वांत दुबळ्याच्या पदरात टाकावयाचा नसतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. शासन प्रत्येक धुऱ्यावर उभे राहू शकत नाही. लाखो शेतांत कोण कोणावर पहारा ठेवणार? हे खरे आहे. पण सुरक्षितता केवळ पहाऱ्याने येत नाही, ती वस्तूच्या घडणीत घालावी लागते. जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकात एक लहानसा नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा बांधावा. कोणी वरून पडल्यास रक्तपाताचा दोष घरावर येऊ नये म्हणून. या नियमाचा आशय विलक्षण आहे. 'धाब्यावर जपून चालावे' असा उपदेश तो पाहुण्याला करीत नाही. तो घर बांधणाऱ्याला कठडा बांधावयास सांगतो. पडणारा बेसावध असू शकतो, मूल असू शकते. कठडा सर्वांनाच वाचवितो.

आधुनिक जगाने हा धडा अनुभवातून पुन्हा गिरविला. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक चौकट सक्तीची केली. पुढील दशकांत ट्रॅक्टर उलटून चिरडले जाणाऱ्यांची संख्या नगण्य झाली. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बाजारातून काढून टाकली. १९९५ च्या सुमारास शिखरावर असलेले तेथील आत्महत्यांचे प्रमाण पुढील वीस वर्षांत फार मोठ्या प्रमाणात उतरले, आणि त्या बंदीमुळे पीक बुडाले असेही दिसले नाही. निराशेच्या क्षणी हात पुढे करणारी माणसे तेथेही होतीच. पण हाताला लागणारे विष बदलले आणि अनेकांना दुसरी संधी मिळाली. आपल्याकडेही अशी दूरदृष्टी कागदावर आहे. धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केंद्राने १९८३ सालीच केला. त्यात मळणी यंत्राचा विचार आहे, सुरक्षित रचनेची जबाबदारी उत्पादकावर आहे आणि इजा झालेल्यास भरपाईची तरतूदही आहे. यंत्राच्या तोंडाला पुरेशी लांब, वरून झाकलेली घसरण असेल, तर पेंढी लोटणाऱ्याचा हात फिरत्या दात्यांपर्यंत पोचतच नाही. पट्ट्यावर जाळी असेल, तर पदर ओढला जात नाही. तो पत्रा आणि ती जाळी म्हणजे मळणी यंत्राचा कठडा होय. भाड्याने गावोगाव फिरणाऱ्या किती यंत्रांवर तो शाबूत आहे, हे येत्या हंगामात ज्याने त्याने आपल्या खळ्यावर जाऊन पाहावे.

मरणानंतरच्या मदतीविषयी शासनाने बरेच केले आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणारी शेतकरी अपघात योजना पूर्वी विमा कंपनीमार्फत राबविली जाई. दाव्यांतील दिरंगाई व नकार यांमुळे एप्रिल २०२३ मध्ये तिचे रूपांतर शासनाने स्वतः द्यावयाच्या सानुग्रह अनुदानात झाले. मृत्यू झाल्यास दोन लाख, एक अवयव वा एक डोळा गेल्यास एक लाख. सर्पदंश, वीज पडणे, विजेचा धक्का, फवारणीतील विषबाधा ही सारी कारणे तिच्यात आहेत. वहितीधारक खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य हे तिचे लाभार्थी. ही योजना चांगली आहे, आणि तिच्यामुळे अनेक घरांतील चूल विझली नाही. परंतु तिच्या दाराशी सातबारा उभा आहे. ज्याच्या नावे उतारा नाही असा रोजमजूर, बटईने कसणारा, सोंगणीच्या टोळीबरोबर आलेली बाई, या माणसांची कुटुंबे शेतात मरूनही शेतकरी ठरत नाहीत. एकाच झाडाखाली एकाच पावसात मालक आणि मजूर उभे असतात. वीज दोघांवर पडते. सर्व्हे नंबर एकच असतो, पण अर्ज एकाचाच पात्र ठरतो. नैसर्गिक आपत्तीच्या मदतीने वीज पडल्याच्या प्रसंगी ही दरी काहीशी भरून निघते. मळणी यंत्राच्या किंवा विषबाधेच्या प्रसंगी तशी ती निघत नाही.

येथे केवळ व्यवस्थेतील त्रुटीचा प्रश्न नाही, मूळ विचाराचा आहे. शासन रक्षण कशाचे करते, जमिनीचे की जमिनीवर राबणाऱ्या माणसाचे? पोप जॉन तेविसावे यांनी १९६१ च्या आपल्या परिपत्रकात शेतीवर जगणाऱ्यांना सामाजिक सुरक्षेचा लाभ इतर क्षेत्रांतील कुटुंबांच्या बरोबरीने मिळावा असा आग्रह धरला होता. त्यामागील भूमिका अशी, की मनुष्याची प्रतिष्ठा त्याच्या मालमत्तेतून येत नाही; ती त्याच्याबरोबर जन्माला येते. तिचा उतारा कोणत्याही तलाठ्याकडे नसतो.

आता नशिबाकडे वळू. श्रद्धावान माणसाला 'देवाची इच्छा' हे शब्द जवळचे वाटतात, आणि शोकाच्या घडीला ते हिरावून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु ते शब्द दुःखिताच्या तोंडी सांत्वन ठरतात आणि जबाबदार माणसाच्या तोंडी पळवाट. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण ठार झाल्याचा उल्लेख आहे. ते इतरांहून अधिक पापी होते, हा समज येशूने साफ नाकारला आणि ऐकणाऱ्यांना स्वतःकडे पाहावयास सांगितले. मेलेल्यांचा न्याय करू नका, जिवंत असलेल्यांनी आपले वर्तन बदलावे, असाच त्याचा रोख आहे.

नशीब म्हणून सोडून दिलेली मरणे मागे हटविता येतात, याचा पुरावा महाराष्ट्राच्याच मातीत आहे. कोकणात विंचूदंशाने मुले मरत, आणि लोक ते प्राक्तन समजत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या साध्या औषधाचा उपयोग शोधून त्या मरणाचे प्रमाण खाली आणले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सर्पदंशाने देशात २००० ते २०१९ या काळात सुमारे बारा लाख माणसे दगावली असावीत, असा अंदाज २०२० साली एका अभ्यासाने मांडला. मार्च २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्मे करण्याचा कार्यक्रम जाहीर केला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप विजेची सूचना आधी देते. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू शेतीला दिवसा वीज मिळावी हा आहे; तिच्याकडे आपण बिलाच्या दृष्टीने पाहतो, पण रात्री अंधारात पाणी सोडावयास जाणे टळले, तर साप आणि विजेचा धक्का अशी दोन मरणे तिने परस्पर टळतील.

या साऱ्या प्रयत्नांना शेवटच्या पल्ल्यावर माणसाचीच गरज लागते. ॲप मालकाच्या खिशातील फोनवर असते. निंदण करणाऱ्या बायांना त्याची सूचना कोणीतरी हाक मारून द्यावी लागते. ग्रामपंचायतीचा भोंगा, देवळाची किंवा चर्चची घंटा त्या कामी आली, तर तिचे पावित्र्य कमी होणार नाही. साप चावलेल्याला मांत्रिकाकडे न नेता थेट प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात न्यावे, हे सांगणारा माणूस गावाच्या विश्वासातला असावा लागतो. फवारणीची मजुरी पंपावर न ठरविता दिवसावर ठरविणे, औषधाची पेटी घराबाहेर कुलपात ठेवणे, जाळी नसलेल्या मळणी यंत्राला खळ्यावर येऊ न देणे, पदर खोचून आणि केस बांधून झाल्याखेरीज कोणाला पेंढी उचलू न देणे, यांपैकी कशालाही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. आणि गावात असे मरण घडलेच, तर तेराव्यानंतर चार जाणत्यांनी एकत्र बसून ते का घडले, कोणता कठडा नव्हता आणि तो आता कोण बांधणार, हे ठरवावे. पोलिसांच्या कागदावर तो मृत्यू अकस्मातच राहील. आपल्या विवेकाच्या दप्तरी मात्र त्याची नोंद निराळ्या सदराखाली व्हावयास हवी.